उसनं जनुक आणि मुलुंडची माती

मुलुंड पूर्वेला द्रुतगती मार्ग ओलांडून हरिओम नगरकडे वळलं की एक टेकडी दिसायची. दिसायची म्हणतो, कारण गेली काही वर्षं ती उकरली जाते आहे. ही टेकडी माणसांनी केलेली. १९६७ पासून मुंबई तिथे कचरा ओतत आली आणि १ ऑक्टोबर २०१८ ला ओतणं थांबलं, तेव्हा २४ हेक्टर जागेवर सुमारे ७० लाख टन कचरा साचलेला होता. पन्नास वर्षांचं शहर त्या ढिगात आहे. भाजीची देठं आणि करवंट्या आहेत, तसे घड्याळाचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, रंगाचे अर्धे डबे, थर्मामीटर, गॅरेजातलं काळं तेल आणि झुरळांवर मारायच्या औषधांच्या बाटल्याही आहेत. वारा खाडीकडून आला की आम्ही मुलुंडकर संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायचो. टेकडीच्या पलीकडे मिठागरं, मग खारफुटी, मग ठाणे खाडी. रोहितांच्या थव्यांसाठी ही खाडी २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. ढिगातून झिरपणाऱ्या पाण्याचा उतार तिकडेच आहे.

ही माती झाडं लावून साफ होईल का, आणि त्या झाडांत बाहेरचं एखादं जनुक घातलं तर ती लवकर होईल का? हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेला आहे. विचारणारी बहुतेक मुलुंडच्याच कॉलेजांतली विज्ञान शाखेची मुलं. त्यांनी कुठेतरी पाऱ्याची वाफ करणाऱ्या पॉप्लरबद्दल किंवा आर्सेनिक खाणाऱ्या नेच्याबद्दल वाचलेलं असतं आणि डोळ्यांत चमक असते. ती चमक मला विझवायची नाही. पण गेल्या तीस वर्षांतलं काम एकत्र पाहिलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मातीत विष कोणतं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. काही विषांसाठी जनुकबदल केलेली झाडं खरंच लाखमोलाची ठरतील. मुलुंडच्या ढिगात ज्यांची भीती सर्वांत जास्त वाटते, त्या जड धातूंसाठी मात्र त्यांच्यावर फार आशा ठेवू नये.

कारण साधं आहे. शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं. जाळा, पुरा, कुजवा, ती राहतातच. झाड फार तर त्यांची जागा बदलतं, मातीतून मुळात आणि मुळातून पानात. कापडाचा रंग, कीटकनाशक, तेल, द्रावक, स्फोटक हे मात्र रेणू असतात. त्यांचे बंध तोडता येतात, आणि पुरते तोडले की मागे उरतात कर्बवायू, पाणी आणि निरुपद्रवी तुकडे. धातू हलवायचे असतात, रेणू मोडायचे असतात. ही दोन कामं एकाच नावाखाली बोलली जातात म्हणून सगळा गोंधळ होतो.

आधी धातूंचं पाहू. काही झाडांना निसर्गतःच धातूंची भूक असते. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळसर हिरवा असतो आणि वाळवला तर त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघतो. हे १९७६ साली जगापुढे आलं. अशा झाडांकडून माती धुऊन घ्यावी, ही कल्पना अमेरिकेच्या शेती खात्यातल्या रुफस चेनी यांनी १९८३ साली मांडली. २००१ साली फ्लोरिडात एक नेचा सापडला. त्याच्या वाळलेल्या पानात दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक साठू शकतं. हा नेचा आपल्याला परका नाही, जुन्या भिंतींच्या फटींत आणि विहिरींच्या चिऱ्यांतही तो उगवतो. अडचण एवढीच की अशी धातुखाऊ झाडं बहुधा बुटकी आणि मंद वाढीची असतात. मोहरी झपाट्याने वाढते, भरघोस वाढते, कॅडमियम आणि सेलेनियम घेतेही, पण त्या मानाने कमी घेते. मग बुटक्या झाडाची भूक मोहरीच्या अंगात घालता येईल का? जनुकबदलाचा विचार इथून सुरू झाला.

जनुकांनी करायची कामं तीन प्रकारची आहेत. मुळाच्या पेशीच्या कडेला धातू आत घेणारी दारं असतात, ती वाढवायची. आत आलेला धातू पेशीला मारू नये म्हणून त्याला गंधकयुक्त छोट्या प्रथिनांत बांधून पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडायचं, ती व्यवस्था बळकट करायची. आणि धातूचं रासायनिक रूपच बदलायचं. तिसऱ्या प्रकारचं नाव सर्वांत जास्त झालं. जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मेघर यांच्या गटाने १९९६ साली जिवाणूंतलं एक जनुक छोट्या मोहरीवर्गीय झाडात घातलं. त्या झाडाने विषारी पाऱ्याचे आयन साध्या पाऱ्यात बदलले आणि वाफेच्या रूपाने हवेत सोडले. तेच जनुक पुढे पॉप्लरवर्गीय झाडांत गेलं आणि २००३ साली अमेरिकेत डॅनबरी गावी, टोप्यांच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर, ती झाडं उघड्या मातीत लावली गेली. टोप्यांसाठी प्राण्यांच्या केसांचा नमदा करताना पारा वापरत आणि कामगारांचे हात थरथरत, हे तिथलं जुनं दुखणं.

मला हा प्रयोग कौतुकाचा वाटतो, पण मुलुंडला तो नको. मातीतला पारा हवेत गेला म्हणजे तो गेला नाही. हवेतला पारा पुढे पावसाबरोबर खाली येतो, आणि खाडीच्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, जो माशांमधून आपल्या ताटात येतो. जिथे शेजारच्या इमारतीची खिडकी शंभर-दोनशे पावलांवर आहे आणि खाडीत अजून कोळी जाळी टाकतात, तिथे पाऱ्याची जागा अशी बदलून कुणाचं भलं होणार?

साठवण वाढवण्याच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक पुरावा सेलेनियमचा. कॅलिफोर्नियात जनुकबदल केलेली मोहरी खऱ्याखुऱ्या दूषित गाळात लावली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एका वाणाच्या पानांत साध्या मोहरीच्या ४.३ पट सेलेनियम भरलं. कुंडीबाहेर, उन्हात, वाऱ्यात, किडीत मिळालेला आकडा म्हणून त्याला मोल आहे. कुंडीतले आकडे नेहमीच मोठे असतात.

आता आपल्या घरचं. या विषयातलं भारतातलं फार महत्त्वाचं काम मुलुंडहून पंधरा-वीस किलोमीटरवर, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात झालं, हे मुलुंडकरांना सहसा ठाऊक नसतं. तिथल्या अणुकृषी व जैवतंत्रज्ञान विभागात सुसान इपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण २००३ ते २०११ या काळात एकामागून एक प्रयोग केले. २००५ साली त्यांनी आणि एस. एफ. डिसूझा यांनी जनुकबदल आणि धातुशुद्धी या विषयाचा जो आढावा लिहिला, तो जगभर वाचला गेला.

या कामाचा एक भाग उसन्या जनुकांशिवायच झाला. ट्रॉम्बेच्या माणसांपुढचा प्रश्न किरणोत्सारी पाण्याचा, त्यातल्या सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० चा. त्यांनी दोन झाडं निवडली आणि दोन्ही आपल्या ओसाड जमिनीत आपोआप वाढणारी. एक रुई. रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी उगवणारी, जिच्या पानांचे हार शनिवारी मारुतीला घालतात, तीच. दुसरा वाळा. पाण्यात ठेवलेल्या वाळ्याने सात दिवसांत ९४ टक्के स्ट्रॉन्शियम आणि ६१ टक्के सीझियम काढून घेतलं. रुईनेही स्ट्रॉन्शियम वेगाने घेतलं. मोहरी आणि चाकवताच्या जातकुळीतलं एक झाड यांच्या मुळांवर एक जिवाणू सोडून त्यांनी केसाळ मुळांच्या जुड्या वाढवल्या आणि त्या युरेनियम शोषतात हे २००३ साली दाखवलं. हा जिवाणू स्वतःच आपलं जनुक झाडाच्या मुळात घुसवतो. निसर्गातली जनुकांची ही उसनवारी माणसाच्या फार आधीची आहे, हे वादाच्या वेळी कुणी आठवत नाही.

मग तंबाखू आली. प्रयोगशाळेत जनुक घालून घ्यायला तंबाखूइतकं सोशिक झाड नाही. २०१० साली या गटाने पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीतलं जस्त वाहून नेणारं जनुक तंबाखूत घातलं. तंबाखूने जस्त जास्त घेतलं, कॅडमियम मात्र बरोबर ओढून आणलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ट्रायकोडर्मा बुरशीतलं एक जनुक घातलं. आपले शेतकरी मर रोगावर जी ट्रायकोडर्मा मातीत मिसळतात, तिच्याच जातकुळीतली ही बुरशी. हे झाड कॅडमियमच्या माऱ्यातही तगलं, पण त्याने कॅडमियम जास्त साठवलं नाही. माती साफ करू पाहणाऱ्याला हे अपयश वाटेल. मला वाटतं, या विषयातलं सर्वांत उपयोगी उत्तर त्या झाडाने दिलं आणि आपण प्रश्नच उलटा विचारत होतो.

मध्य रेल्वेने जाताना रुळांच्या कडेला माठ, पालक, मुळा, भेंडी, अळू यांचे वाफे दिसतात. अधिक धान्य पिकवा मोहिमेत रेल्वेने या पट्ट्या लागवडीला दिल्या. पालेभाज्या, विशेषतः पालक आणि माठ, मातीतलं कॅडमियम पानात चढवायला तयारच असतात, आणि धुळीतलं शिसं वरून बसतं ते वेगळं. या पट्ट्या धातूंपासून साफ करायला कित्येक दशकं लागतील आणि त्या दशकांत लोक भाजी खातच राहतील. मग विष शोषणाऱ्या झाडाऐवजी, विष मातीतच राहू देऊन स्वतः स्वच्छ उगवणारं पालकाचं झाड मिळालं तर? भातात हे घडलेलं आहे. जपानमध्ये एका जनुकाचं काम बंद पडलेला भात तयार झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कॅडमियम दाण्यात जवळजवळ पोचतच नाही, असं दिसलं. तिथे बाहेरचं जनुक घातलेलंच नव्हतं, झाडाचं स्वतःचं एक दार बंद केलं होतं. भारतात मार्च २०२२ पासून परकं जनुक न घालता केलेल्या जनुक संपादनाला जीएमच्या जाचक चौकटीतून वगळलेलं आहे. रुळांकडेच्या भाजीसाठी माझा कौल या वाटेला आहे.

पुन्हा ढिगाकडे. धातू झाडांकरवी काढायचे तर हिशेब कसा बसतो ते एकदा कागदावर मांडून पाहावं, कारण या विषयावरच्या उत्साही लेखांत तो नसतो. पुढचे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, मुलुंडच्या मातीची ती मोजणी नव्हे. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर घ्या. त्याचं वजन साधारण २,६०० टन. समजा त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते ४ वर आणायचं आहे. म्हणजे साडेपंधरा किलो कॅडमियम बाहेर काढायचं. मोहरीसारख्या पिकाने हेक्टरी १० टन वाळलेला पाला दिला आणि त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम कॅडमियम भरलं, तर एका पिकात निघतं अर्धा किलो. लागोपाठ तीसेक पिकं घ्यावी लागतील. जनुकबदलाने भूक तिप्पट केली तर दहा-अकरा. कागदावर हे छान दिसतं. पण मातीतलं कॅडमियम जसजसं कमी होतं तसतसं उरलेलं मातीच्या कणांना अधिकच घट्ट धरून बसतं, आणि शेवटची पिकं पहिल्याच्या मानाने फार थोडं उचलतात.

आता २० सेंटिमीटर या आकड्याकडे पाहा. मुलुंडला हेक्टरमागे जवळजवळ तीन लाख टन कचरा होता. त्यातले २,६०० टन म्हणजे शंभरातला एक भागही नाही. मुळं तिथवरच. खालच्या भागात मिथेन तयार होतो, तो मातीतला प्राणवायू हुसकावून लावतो आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून जुन्या डंपिंगवर लावलेली झाडं काही वर्षांत मान टाकतात. शिशाचं तर आणखी कठीण. ते मातीला इतकं चिकटतं की कोणतंही जनुक ते सुटं करू शकत नाही. १९९० च्या दशकात मातीत ईडीटीए नावाचं रसायन ओतून शिसं सुटं करायचे प्रयोग झाले. शिसं सुटलं आणि झाडाने थोडं उचललंही, पण बाकीचं पाण्याबरोबर खाली उतरलं. मुलुंडला खाली म्हणजे खाडीत. तो मार्ग जगाने सोडून दिला, ते बरं झालं.

शिवाय पीक कापल्यावर काय? धातूंनी भरलेला पाला हा घातक कचरा झाला. तो कुजवून खत करता येत नाही, उघड्यावर जाळला तर कॅडमियम धुरात जातं. २४ हेक्टरचं एक पीक म्हणजे २४० टन वाळला पाला, तो तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या जागी न्यायचा आणि वर्षाला दोन-तीनदा न्यायचा. तोवर त्याला राखण कोण बसणार? मोहरी शेळी खाते, म्हैस खाते, आणि कोवळी असेल तर माणूसही भाजी करतो. तंबाखूचं तर बोलायलाच नको, ती मुळातच मातीतलं कॅडमियम पानात ओढते आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या मूत्रपिंडात नेऊन ठेवते. म्हणून मला रुई महत्त्वाची वाटते. तिच्या चिकामुळे जनावर तोंड लावत नाही. प्रयोगशाळेला सोयीचं झाड आणि जागेला सोयीचं झाड ही वेगळी असतात, आणि आजवर जनुकं बहुतेक पहिल्या प्रकारच्या झाडांतच गेली आहेत.

आता रेणूंकडे वळतो, कारण इथे चित्र पालटतं.

आपल्या यकृतात एक विकर असतं, सायटोक्रोम पी-४५० २ई१. दारूचा काही भाग तेच मोडतं, पॅरासिटॅमॉलवरही काम करतं. यंत्राचे सुटे भाग धुवायला वापरतात त्या ट्रायक्लोरोएथिलीनलाही ते मोडू शकतं. वॉशिंग्टन विद्यापीठात शॅरन डोटी यांच्या गटाने या विकराचं माणसातलं जनुक आधी तंबाखूत आणि मग सशातलं जनुक पॉप्लरमध्ये घातलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पोषक पाण्यात वाढलेल्या अशा पॉप्लरांनी ९१ टक्क्यांपर्यंत ट्रायक्लोरोएथिलीन काढून टाकलं. बदल न केलेल्या झाडांनी काढलं तीन टक्क्यांहून कमी. असा फरक धातूंच्या प्रयोगांत मला कुठे दिसलेला नाही. आणि मोडलेला रेणू परत येत नाही, पाला घातक ठरत नाही, तळोज्याची फेरी वाचते.

ट्रॉम्बेच्या गटाने या विकराचं माणसातलं जनुक तंबाखूत घालून लिंडेनवर काम केलं. लिंडेन म्हणजे जुन्या बीएचसी पावडरीतला जहाल भाग. गोठ्यात, धान्याच्या कणगीभोवती, मुंग्यांच्या वारुळावर ती पांढरी पावडर टाकलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा वास आठवेल. भारतात लिंडेनचं उत्पादन २०११ साली आणि वापर २०१३ साली थांबला, पण हा रेणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ट्रॉम्बेच्या तंबाखूने लिंडेन सोसलं आणि कमी केलं. ट्रायकोडर्माचं जे जनुक कॅडमियम साठवायला उपयोगी पडलं नाही, त्याच जनुकाने कोळसा-डांबराच्या धुरात असणारं अँथ्रासीन मात्र मोडलं. एकच जनुक, एकच तंबाखू, पण धातूपुढे एक वागणं आणि रेणूपुढे दुसरं. माझं म्हणणं या दोन प्रयोगांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं आणखी कुठेच नाही.

सर्वांत मोठा पुरावा स्फोटकांचा आहे. आरडीएक्स हा शब्द मुंबईकरांना मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांपासून पाठ आहे. लष्कराच्या सरावाच्या मैदानांत तो पावसाबरोबर भूजलात उतरतो आणि निसर्ग त्याला फारसा हात लावत नाही. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या नील ब्रूस आणि लिझ रायलॉट यांनी आरडीएक्स खाणाऱ्या जिवाणूची दोन जनुकं स्विचग्रास या गवतात घातली. न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम या लष्करी तळावर तीन वर्षं हे गवत उघड्यावर वाढवलं. २०२१ साली निष्कर्ष आला, गवताने हेक्टरी २७ किलो या वेगाने आरडीएक्स मोडलं. गवत, पावसाळे, बर्फ, लष्करी मैदान. या विषयात इतका पक्का मैदानी पुरावा दुसरा नाही. महाराष्ट्रात देवळालीला तोफांची मैदानं आहेत, नगरची के. के. रेंज आहे, खडकी आणि भंडाऱ्याला स्फोटकांचे कारखाने आहेत. तिथल्या मातीची आणि विहिरींची तपासणी लोकांपुढे आली, तर या गवताचा विचार कुठे करायचा ते ठरवता येईल. मुलुंडच्या ढिगाआधी तिथे.

लालबहादूर शास्त्री मार्गाचं उदाहरणही इथेच येतं. मुलुंड-भांडुपचा तो सगळा पट्टा एके काळी कारखान्यांचा होता, आज तिथे मॉल आणि पस्तीस-चाळीस मजली इमारती आहेत. कारखाना गेला तरी जमिनीत मुरलेलं द्रावक जात नाही, आणि नवा पाया खणण्याआधी मातीतली रसायनं सरसकट तपासायची रीत आपल्याकडे नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. ते नीट वापरले गेले तर निदान पाहायला सुरुवात होईल. पण चौरस फुटाचा भाव ऐकल्यावर पाच वर्षं पॉप्लर वाढवायला जमीन मोकळी सोडेल असा मालक मला या शहरात दिसत नाही. तिथली माती ट्रकमध्ये भरून कुठेतरी जाते. झाडांची वाट गावाबाहेरच्या, स्वस्त, विस्तीर्ण जमिनींसाठी आहे. तळोजा, लोटे, तारापूरच्या वसाहतींभोवतीच्या जमिनी त्यात बसतील.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रातला हा आढावा पुरा होत नाही. तिथे संजय गोविंदवार यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी कापडाच्या रंगांवर वर्षानुवर्षं काम केलं. झेंडू, चिनी गुलाब म्हणून आपण कुंडीत लावतो तो पोर्तुलाका, पेटुनिया, पाणकणीस. इचलकरंजीचं रंगीत पाणी शेजारी वाहत असताना त्यांनी बागेतली आणि ओढ्यातली झाडंच निवडली. त्यांचा एक धागा केसाळ मुळांचाही होता, मोहरीच्या अशा मुळांतलं लॅकेस नावाचं विकर रंग उडवतं हे त्यांनी दाखवलं. बहुतेक प्रयोगांत मात्र जनुकाला हात न लावता, झाड आणि जिवाणू यांची जोडी जमवून काम साधलं आहे.

नागपूरच्या नीरीने तर जनुकाचा विषयही न काढता गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर जंगल उभं केलं. साखर कारखान्याची प्रेसमड, मुळांना बिलगणारी मायकोरायझा बुरशी, नत्र बांधणारे जिवाणू आणि स्थानिक झाडं एवढंच भांडवल. धातू तिथेच राहिले, पण धूळ उडायची थांबली आणि पावसात वाहून जाणं कमी झालं. धातूच्या बाबतीत झाडाकडून मागावं ते एवढंच आणि ते थोडं नाही.

जीएमच्या भीतीबद्दल थोडं. कापूस सोडला तर भारतात जीएम झाडाची व्यापारी लागवड नाही. बीटी कापूस मार्च २००२ मध्ये आला, जालन्याच्या महिकोकडून. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये थांबलं. मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं दुभंगली. या सगळ्या झगड्यात शेतकऱ्याला काही ना काही मिळणार होतं. माती साफ करणाऱ्या झाडातून कुणालाच पीक मिळत नाही, म्हणून त्याच्या बाजूने मोर्चा निघणार नाही आणि कंपनीही पैसा घालणार नाही. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्तींनी घडवलेल्या तेलखाऊ जिवाणूला पेटंट मान्य केलं, पण तो जिवाणू समुद्रावर कधीच सोडला गेला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एमएससी चित्रा जहाजाचं तेल मुंबईच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा टेरी या संस्थेचं ऑइलझॅपर वापरलं गेलं. त्यातले जिवाणू निसर्गातूनच वेचून घेतलेले.

भीतीचा एक भाग मात्र रास्त आहे. मोहरीचा परागकण शेजारच्या मोहरीवर जातो. धातू जास्त ओढणारं जनुक खाण्याच्या मोहरीत शिरलं तर ते आपल्या फोडणीत येईल. २०१९ साली अकोल्याकडे परवानगी नसलेलं तणनाशकसहिष्णू कापूस बियाणं शेतकऱ्यांनी जाहीरपणे पेरलं होतं, म्हणजे बियाणं एकदा बाहेर पडलं की ते कायद्याच्या कागदावर थांबत नाही. म्हणून बी न धरणारं झाड हवं. दक्षिणेकडचा वाळा बी जवळजवळ धरत नाही, फुटव्यांवर वाढतो, मुळं खोल नेतो, मातीची धूप थांबवतो, खारं-कोरडं सोसतो. यकृताचं ते जनुक कधी मुलुंडसाठी झाडात घालायचंच ठरलं, तर ते वाळ्यात घाला असं मी म्हणेन. पण वाळ्याची मुळं उन्हाळ्यात आपण माठातल्या पाण्यात टाकतो, पडद्यांना लावतो, अत्तरालाही वापरतो, आणि धातू साठतो तो बराचसा मुळांतच. त्या मुळांची जुडी बाजारात आली तर?

मुलुंडचा ढीग सध्या उकरून, चाळून, वेगळा करून हलवण्याचं काम चाललं आहे. सहा वर्षांत संपवायचं ठरलं होतं, मुदत पुढे गेली. माझ्या मते धातूंच्या बाबतीत हाच मार्ग बरोबर होता, झाडांनी तो ढीग कधीच आवरला नसता. चाळून निघालेली बारीक माती कुठे जाते आणि तिच्यात काय आहे, हा खरा प्रश्न आहे. जागा मोकळी झाली की त्यातला एक एकर प्रयोगासाठी राखून ठेवावा, एवढं मागणं मी करीन. आधी खोलीवार मातीची तपासणी, मग साधा वाळा, साधी रुई, पाणकणीस, गुमगावसारखी बुरशी. जनुकबदल केलेल्या वाळ्याची पाळी आलीच तर त्यानंतर, जीएमसाठीच्या १९८९ च्या नियमांखाली परवानगी काढून, आणि फक्त तेल, डांबर, कीटकनाशक यांचे अंश असलेल्या वाफ्यांत. ट्रॉम्बेचं ज्ञान गाडीने तासाभरावर आहे.

त्या एकराला कुंपण पक्कं लागेल आणि रात्रीचा राखणदारही. शनिवारी पहाटे रुईची पानं तोडायला माणसं खाडीच्या कडेने फिरतात, सकाळी ती पानं मुलुंड स्टेशनबाहेर हारांत ओवलेली असतात. संध्याकाळी त्यातलंच एखादं पान कुणाच्या तरी घरी तेल लावून, तव्यावर गरम करून, आजीच्या गुडघ्यावर बांधलं जातं.